संशोधन नियतकालिकांची वर्गणी आणि शैक्षणिक ग्रंथालये

संशोधन नियतकालिकांच्या वर्गणीचा प्रश्न हा विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधन संस्था यांच्या ग्रंथालयांपुढील एक आर्थिक आणि धोरणात्मक प्रश्न आहे. नियतकालिकांच्या वर्गण्या ग्रंथालयाच्या अनुदानापेक्षा अधिक वेगाने वाढत गेल्यास कोणती नियतकालिके चालू ठेवावीत, कोणती बंद करावीत आणि बंद केलेल्या नियतकालिकांतील लेख वाचकाला कोणत्या मार्गाने मिळवून द्यावेत, हे ग्रंथालयाला ठरवावे लागते. ग्रंथालयशास्त्रात या परिस्थितीला 'नियतकालिक संकट' असे संबोधले जाते. महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप संस्थेगणिक बदलते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संशोधन संस्थांमध्ये वर्गणी रद्द करावी की नाही असा प्रश्न असतो. तर हिंगोली जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांमध्ये मुळात वर्गणी परवडेल का, असा तो असतो.

पार्श्वभूमी

विज्ञानविषयक नियतकालिकांची परंपरा १६६५ मध्ये लंडन येथे सुरू झालेल्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'पासून सांगितली जाते. दीर्घकाळ अशी नियतकालिके प्रामुख्याने विद्वत्सभा चालवीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनावरील सरकारी खर्च वाढला आणि व्यापारी प्रकाशकांनी या क्षेत्रात प्रवेश केला. रॉबर्ट मॅक्सवेल यांची पर्गमॉन प्रेस ही त्यांपैकी एक महत्त्वाची संस्था होती. १९९१ मध्ये ती एल्सव्हियर या डच प्रकाशन संस्थेने विकत घेतली. पुढील काळात लहान प्रकाशन संस्था मोठ्या संस्थांत विलीन होत गेल्या. 'प्लॉस वन' या नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २०१३ साली प्रकाशित झालेल्या संशोधन लेखांपैकी निम्म्याहून अधिक लेख पाच मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांत होते.

या बाजारपेठेची काही वैशिष्ट्ये आहेत. संशोधन बहुधा सार्वजनिक निधीतून होते. लेखकाला लेखाचे मानधन मिळत नाही आणि लेख तपासणारे तज्ज्ञही सामान्यतः विनामूल्य काम करतात. प्रसिद्ध झालेला लेख मात्र संस्थेच्या ग्रंथालयाला वर्गणी भरून विकत घ्यावा लागतो. शिवाय एका नियतकालिकाला दुसरे नियतकालिक पर्याय ठरू शकत नाही, कारण एका नियतकालिकात छापलेला लेख दुसरीकडे मिळत नाही. वाचणारा प्राध्यापक असतो आणि पैसे भरणारे ग्रंथालय असते. त्यामुळे किंमत वाढली तरी वाचकाची मागणी घटत नाही. या तीन कारणांमुळे दरवाढीला बाजारातील नेहमीचा लगाम बसत नाही.

भारतातील खर्चवाढ

भारतीय ग्रंथालयांना परदेशी नियतकालिकांची वर्गणी परकीय चलनात भरावी लागत असल्याने दरवाढीचा भार दुहेरी असतो. एक भार मूळ किमतीच्या वाढीचा आणि दुसरा विनिमय दराचा. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत सुमारे १८ ते १९ टक्के अवमूल्यन करण्यात आले. प्रकाशकाने एक पैसाही वाढवला नसता तरी त्या वर्षी तीच वर्गणी रुपयांत बरीच महाग झाली. छापील नियतकालिकांच्या त्या काळात वर्गणी थांबली की संग्रहातील खंडांची मालिका तेथेच तुटत असे. मात्र आधी घेतलेले बांधीव खंड ग्रंथालयाच्याच मालकीचे राहत.

इलेक्ट्रॉनिक स्वरूपात हा फरक महत्त्वाचा ठरला. छापील अंक ही विकत घेतलेली वस्तू असते, तर इलेक्ट्रॉनिक वर्गणी हा बहुधा ठरावीक मुदतीचा परवाना असतो. करारात 'कायमस्वरूपी प्रवेशा'चे कलम नसेल, तर वर्गणी थांबल्यावर पूर्वी पैसे भरलेल्या वर्षांचे लेखही वाचकाला उघडता येत नाहीत.

एकगठ्ठा करार

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकाशकांनी सुटी नियतकालिके विकण्याऐवजी शेकडो नियतकालिकांचा संच एका रकमेत देण्यास सुरुवात केली. इंग्रजीत या पद्धतीला 'बिग डील' असे नाव रूढ झाले. सुरुवातीला ग्रंथालयांना ती लाभदायक वाटली, कारण थोड्या अधिक पैशात पूर्वी न मिळणारी अनेक नियतकालिके उपलब्ध झाली.

कालांतराने या पद्धतीचे तोटे स्पष्ट झाले. करार बहुवार्षिक असतात आणि त्यात दरवर्षी ठरावीक टक्के वाढ असते. संचातील न वाचली जाणारी नियतकालिके वगळता येत नाहीत. वगळली तरी रक्कम फारशी कमी होत नाही. अनुदान कमी झाले तर कात्री या संचाला लागत नाही. ती लागते ग्रंथखरेदीला आणि विद्वत्संस्थांच्या सुट्या, स्वस्त नियतकालिकांना. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, वाई येथून निघणारे 'नवभारत' किंवा मराठी अभ्यास परिषदेचे 'भाषा आणि जीवन' यांसारख्या मराठी नियतकालिकांची वर्गणी परदेशी नियतकालिकांच्या तुलनेत नगण्य असते. तरीही ती कोणत्याही संचाचा भाग नसल्याने काटकसरीच्या वर्षी सहज बंद होऊ शकतात. यातून होणारी बचत अल्प असते. मराठीतील इतिहास, भाषा व समाजविषयक संशोधनाला मात्र दुसरीकडे पर्याय नसतो.

वर्गणी रद्द करण्याचे निकष

वर्गणीचा निर्णय सामान्यतः ग्रंथालय समिती घेते. या समितीत ग्रंथपाल, विभागप्रमुख व प्रशासनाचे प्रतिनिधी असतात. निर्णयासाठी पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

वापर : एखाद्या नियतकालिकातील किती लेख वाचकांनी उतरवून घेतले याची आकडेवारी प्रकाशक पुरवतात. ही आकडेवारी तुलनायोग्य असावी यासाठी २००२ मध्ये 'काउंटर' हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला.

प्रतिवापर खर्च : वार्षिक वर्गणीला वर्षभरातील वापराने भागल्यास प्रतिवापर खर्च मिळतो. उदाहरणादाखल, ६०,००० रुपये वर्गणीच्या नियतकालिकातील ३०० लेख वाचले गेले तर प्रतिवापर खर्च २०० रुपये होतो. १०,००० रुपये वर्गणीच्या नियतकालिकातील १० लेख वाचले गेले तर तो १,००० रुपये होतो. म्हणजे महाग दिसणारे नियतकालिक प्रत्यक्षात स्वस्त आणि स्वस्त दिसणारे महाग असू शकते.

विद्याशाखेचे स्वरूप : केवळ प्रतिवापर खर्चावर विसंबल्यास लहान विभागांवर अन्याय होतो. रसायनशास्त्राच्या विभागात शेकडो वाचक असतात, तर पुराभिलेखविद्येत एकच संशोधक विद्यार्थी असू शकतो. वरील उदाहरणातील १० लेख त्याच्या प्रबंधाचा मुख्य आधार असू शकतात.

संदर्भांचे विश्लेषण : संस्थेतील प्राध्यापक आपल्या लेखांत कोणत्या नियतकालिकांचे संदर्भ देतात, हे पाहिले जाते. सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार कोणत्याही विषयातील महत्त्वाचे लेख थोड्या गाभ्याच्या नियतकालिकांत एकवटलेले असतात आणि उरलेले फार मोठ्या संख्येच्या नियतकालिकांत विखुरलेले असतात. गाभा ओळखून तेवढाच राखणे, हे या विश्लेषणाचे उद्दिष्ट असते.

पर्यायी उपलब्धता : लेख मुक्त स्वरूपात अन्यत्र मिळतात का, जुन्या अंकांवर कायमस्वरूपी हक्क आहे का आणि अन्य ग्रंथालयाकडून लेख मागवता येतो का, हे तपासले जाते.

मूल्यांकन : राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या म्हणजेच नॅकच्या निकषांत ग्रंथालयातील इलेक्ट्रॉनिक साधनांचा समावेश राहिला आहे. त्यामुळे वर्गणी बंद करण्याचा परिणाम केवळ वाचकांवर न होता संस्थेच्या श्रेणीवरही होऊ शकतो.

सामूहिक खरेदी

एकट्या ग्रंथालयाची प्रकाशकाशी वाटाघाट करण्याची शक्ती मर्यादित असते. यावर उपाय म्हणून ग्रंथालयांनी संघ स्थापन करून एकत्रित खरेदी सुरू केली. भारतातील या व्यवस्थेचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'इन्फ्लिबनेट' हा कार्यक्रम १९९१ मध्ये पुण्यातील आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेच्या अंतर्गत प्रकल्प म्हणून सुरू झाला. १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्राचा दर्जा मिळाला. या केंद्राचे मुख्यालय सध्या गुजरातमधील गांधीनगर येथे आहे.

अभियांत्रिकी व तंत्रशिक्षण संस्थांसाठी २००३ मध्ये 'इंडेस्ट' हा संघ स्थापन झाला. त्याच सुमारास विद्यापीठांसाठी 'यूजीसी-इन्फोनेट' संघ उभा राहिला आणि २००४ पासून विद्यापीठांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके मिळू लागली. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये 'एन-लिस्ट' हा कार्यक्रम सुरू झाला. या तिन्हींचे एकत्रीकरण करून २०१५ मध्ये 'ई-शोधसिंधू' हा राष्ट्रीय संघ स्थापन करण्यात आला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा घटक आहे, त्या परिषदेनेही आपल्या प्रयोगशाळांसाठी स्वतंत्र संघ चालवला. कृषी संशोधनासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेने 'सेरा' हा संघ स्थापन केला.

संघामुळे दर कमी होतो, मात्र निर्णयाचे केंद्र बदलते. कोणते नियतकालिक ठेवावे हे स्थानिक ग्रंथपालाऐवजी राष्ट्रीय समिती ठरवते. निधीअभावी संघाने एखाद्या प्रकाशकाशी करार थांबवला, तर सर्व सदस्य संस्थांचा प्रवेश एकाच वेळी बंद होतो.

मराठवाडा व हिंगोली जिल्हा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथील मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राचे विभाजन करून १७ सप्टेंबर १९९४ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. लगतच्या परभणी येथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे; वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे त्याचे सध्याचे नाव होय.

वसमत तालुक्यातील हट्टा यांसारख्या गावातील विद्यार्थ्याला संशोधन लेख मिळवण्याचे मार्ग त्याच्या प्रवेशपत्रावर अवलंबून असतात. तो परभणीच्या कृषी विद्यापीठाचा विद्यार्थी असेल, तर कृषी संशोधन संघाद्वारे त्याला लेख मिळू शकतात. तो नांदेड विद्यापीठाच्या परिसरातील विभागात शिकत असेल, तर विद्यापीठाचा प्रवेश त्याला उपलब्ध असतो. तालुक्यातील महाविद्यालयात शिकत असेल, तर महाविद्यालय एन-लिस्टचे सदस्य आहे की नाही यावर सर्व अवलंबून असते. पदवी घेऊन तो गावी परतला की यांपैकी बहुतेक मार्ग बंद होतात, कारण प्रवेश व्यक्तीला नसून संस्थेच्या सदस्याला असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम २(फ) व १२(ब) खाली मान्यता असलेल्या महाविद्यालयांसाठी एन-लिस्टचे वार्षिक शुल्क काही हजार रुपयांतच ठेवण्यात आले आणि त्यात सहा हजारांहून अधिक नियतकालिके उपलब्ध झाली. प्रत्येक वाचकाला स्वतंत्र परवलीचा शब्द मिळत असल्याने ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर, घरूनही वाचन करता येते. दररोज गावाहून एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची आहे. मात्र महाविद्यालयाने शुल्क वेळेवर भरणे आणि विद्यार्थ्यांची नावनोंदणी करणे आवश्यक असते. नावनोंदणी न झाल्यास वापर कमी दिसतो, आणि वापर कमी दिसल्यास पुढील वर्षी शुल्क भरण्याची गरज समितीला वाटत नाही. त्यामुळे कमी वापराच्या आकड्यावरून गरज नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी वाचकांपर्यंत सुविधा पोहोचली होती का, हे तपासणे आवश्यक ठरते.

या प्रश्नाचा शेतीशीही संबंध आहे. वसमत परिसर हळदीच्या उत्पादनासाठी व बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हळदीतील कर्क्युमिन, कंदकूज आणि साठवण यांवरील संशोधनाचा काही भाग वर्गणीच्या नियतकालिकांत असतो. असे लेख शेतकरी, कृषी सेवा केंद्रचालक किंवा हळद प्रक्रिया उद्योजक यांना संस्थेच्या सदस्यत्वाशिवाय वाचता येत नाहीत. एकेका लेखासाठी परकीय चलनात पैसे मोजावे लागतात.

जगातील प्रमुख प्रसंग

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालय सल्लागार मंडळाने एप्रिल २०१२ मध्ये काढलेल्या निवेदनात, काही मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांचा वार्षिक खर्च सुमारे ३७.५ लाख डॉलरवर गेला असून ही स्थिती टिकणारी नाही, असे म्हटले होते. जगातील सर्वांत संपन्न विद्यापीठांपैकी एकाने अशी कबुली दिल्याने हा विषय चर्चेत आला. त्याच वर्षी गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांच्या पुढाकारातून एल्सव्हियरवर बहिष्कार घालणारी लेखकांची मोहीम सुरू झाली.

जर्मनीतील संस्थांनी 'प्रोजेक्ट डील' या संयुक्त गटाद्वारे वाटाघाटी केल्या. एल्सव्हियरशी एकमत न झाल्याने अनेक संस्थांनी करार संपू दिले. अखेर २०२३ मध्ये करार झाला. स्वीडनच्या 'बिबसॅम' संघाने १ जुलै २०१८ पासून एल्सव्हियरचा करार थांबवला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये नवा करार केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी एल्सव्हियरशी वाटाघाटी थांबवल्याचे जाहीर केले. दोन वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, वाचन आणि मुक्त प्रकाशन या दोन्हींचा समावेश असलेला करार झाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने जून २०२० मध्ये अशाच वाटाघाटी थांबवल्या.

या प्रसंगांमध्ये काही समान बाबी दिसतात. निर्णय केवळ ग्रंथपालांनी न घेता प्राध्यापकांचा पाठिंबा आधी मिळवण्यात आला. पर्यायी मार्गांची पूर्वतयारी होती. आणि अनेक संस्था एकत्र असल्याने प्रकाशकालाही तोट्याचा विचार करावा लागला.

एक राष्ट्र एक सदस्यता

भारताने रद्द करण्याऐवजी संपूर्ण देशासाठी एकत्रित खरेदीचा मार्ग स्वीकारला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' अर्थात 'एक राष्ट्र एक सदस्यता' या योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके असून ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांना लाभ अपेक्षित आहे. अंमलबजावणी इन्फ्लिबनेटकडे सोपवण्यात आली आणि १ जानेवारी २०२५ पासून प्रवेश सुरू झाला.

या आकड्यांनुसार वार्षिक खर्च सरासरी २,००० कोटी रुपये, म्हणजे अपेक्षित लाभार्थ्यामागे सुमारे १,१०० रुपये होतो. योजनेमुळे मोठ्या व लहान सरकारी संस्थांमधील दरी कमी होण्याची अपेक्षा व्यक्त केली जाते. योजना सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली असल्याने तिच्या व्याप्तीचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. राज्याच्या ग्रामीण भागातील अनेक महाविद्यालये खाजगी शिक्षण संस्थांनी स्थापन केलेली असून त्यांपैकी काही अनुदानित, तर काही विनाअनुदानित आहेत.

पर्यायी मार्ग

मुक्त प्रवेश : २००२ चे बुडापेस्ट व २००३ चे बर्लिन घोषणापत्र यांनी संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, हे तत्त्व मांडले. भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिके महाजालावर विनामूल्य वाचता येतात. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी २०१४ मध्ये आपल्या निधीतून झालेल्या संशोधनासाठी मुक्त प्रवेश धोरण स्वीकारले.

संस्थात्मक संग्रह : लेखकाने आपल्या लेखाची स्वीकृत प्रत संस्थेच्या संग्रहात ठेवल्यास ती सर्वांना उपलब्ध होते. पीएच.डी. प्रबंधांसाठी 'शोधगंगा' हा राष्ट्रीय संग्रह इन्फ्लिबनेट चालवते. मराठी विषयातील प्रबंधही त्यात वाचता येतात.

आंतरग्रंथालयीन देवघेव : सदस्य ग्रंथालयांकडून एखादा लेख मागवता येतो. 'डेलनेट'सारखी जाळी ही सेवा देतात.

लेखकाशी संपर्क : लेखकाला पत्र किंवा ईमेल पाठवून प्रत मागवणे हा जुना व प्रचलित मार्ग आहे.

'साय-हब' हे २०११ मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ प्रकाशकांच्या परवानगीशिवाय लेख उपलब्ध करून देते. एल्सव्हियर, वायली व अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर २०२० मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हे संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश दिला.

मतभेद

वर्गणी रद्द करण्याच्या समर्थकांच्या मते, ग्रंथालये पैसे भरत राहतील तोवर दरवाढ थांबणार नाही आणि वाचलेला निधी ग्रंथखरेदी, स्थानिक भाषेतील नियतकालिके व मुक्त प्रकाशन यांकडे वळवता येतो. विरोधकांच्या मते, रद्द करण्याचा पहिला फटका पर्याय नसलेल्या विद्यार्थ्यांना बसतो. ज्येष्ठ संशोधकांना परिचितांकडून लेख मिळतात, नवख्यांना मिळत नाहीत.

राष्ट्रीय योजनेबाबतही दोन मते आहेत. एका मतानुसार एकत्रित खरेदीमुळे देशाची वाटाघाटीची ताकद वाढते. दुसऱ्या मतानुसार एवढी रक्कम वर्गणीवर खर्च केल्याने जुनी व्यवस्थाच बळकट होते आणि मुदत संपल्यावर देश पुन्हा त्याच प्रकाशकांवर अवलंबून राहतो. मुक्त प्रकाशनासाठी लेखकाकडून घेतले जाणारे लेख प्रक्रिया शुल्क हाही वादाचा विषय आहे. त्यामुळे वाचकावरील भार लेखकावर जातो आणि अल्प निधी असलेल्या महाविद्यालयातील संशोधकाला वाचता आले तरी लिहिता येत नाही, असा आक्षेप घेतला जातो.

हे सुद्धा पहा

इन्फ्लिबनेट
मुक्त प्रवेश
शोधगंगा
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ
हिंगोली जिल्हा